बट्टा कुणाला द्यायचा?

लातूरहून बार्शीला जाणं हा एके काळी परदेशप्रवास होता. थट्टा नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत लातूर-नांदेड निजामाच्या राज्यात आणि बार्शी-सोलापूर आधी इंग्रजांच्या, मग स्वतंत्र भारताच्या. मधे करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे नाके. नाक्याच्या अलीकडे निजामाचा हाली शिक्का, पलीकडे इंग्रजी कलदार. शंभर रुपये कलदार पाहिजे असतील तर ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजायचे. हा आकडा कुणी गंमत म्हणून काढलेला नाही. साताला सहा असा भाव होता, त्याचा शंभरावर केलेला हिशेब तेवढा येतो. बार्शी लाइट रेल्वेच्या चिमुकल्या डब्यात बसून आषाढीला निघालेला आमच्याकडचा वारकरी हा हिशेब तोंडी करायचा, तोही हातातले टाळ खाली न ठेवता. कनवटीला दोन पुरचुंड्या, एक हालीची, एक कलदारची. वाटखर्चाला कलदार. विठोबापुढे मात्र हालीच टाकायचा, कारण देव बट्टा कापत नाही अशी सगळ्यांची खात्री होती. बडवे कापत असतील तर तो त्यांचा आणि देवाचा प्रश्न.

नांदेडकरांचं बार्शी म्हणजे मनमाड. मुंबईला निघालेला माणूस निजामाच्या मीटरगेज गाडीतून मनमाडला उतरला की तो इंग्रजी मुलखात. तिथं आधी सराफ शोधायचा, मग पाण्याचा नळ. तसा हाली दिसायला देखणा होता. रुपयावर चारमिनार, चारमिनारच्या कमानीत निजाम उस्मान अलींच्या नावातलं ‘ऐन’ हे अक्षर. नोटेवर उर्दूच्या जोडीला मराठी, तेलुगू, कानडी. आपली भाषा नोटेवर छापलेली आहे याचा अभिमान बाळगत आमचे आजोबा ती नोट बार्शीच्या सराफापुढे धरत, आणि सराफ भाषेचा मान राखून बट्टा कापत असे. १९४७ च्या नोव्हेंबरात भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला. त्यानंतर लगेच निजाम सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन संस्थानात चालेनासं केलं. वर्षाच्या आत संस्थानच चालेनासं झालं. हाली मात्र चिवट. कायद्याने तो १९५९ पर्यंत जिवंत होता.

एवढी तालीम झालेल्या मुलखातला माणूस बँकॉकला निघतो तेव्हा पैशाचं नेमकं काय करतो, हे जवळून पाहायचा योग मला आमच्या दाजींमुळे आला. दाजींचं नांदेडच्या नव्या मोंढ्यात खत-बियाणांचं दुकान आहे. आमच्याकडे परदेश पाहिलेल्या मंडळींची शिरगणती केली तर पहिला नंबर लागेल लेकाला किंवा लेकीला तिकडं नोकरी लागलेल्यांचा, दुसरा लातूरच्या क्लासवाल्या सरांचा आणि तिसरा, पण सर्वांत उत्साही, कृषी सेवा केंद्रवाल्यांचा. कंपनी टार्गेट देते. एवढ्या पेट्या तणनाशक खपवा, बँकॉक. त्याच्या दुप्पट खपवा, दुबई. पाऊस न पडल्यामुळे हुकलेलं सिंगापूर दाजी अजून काढतात. तर यंदा सोयाबीनने साथ दिली आणि दोन माणसांचं बँकॉक-पटाया लागलं. ताईने ‘पटाया’ हे नाव ऐकलं, दोन मिनिटं विचार केला आणि स्वतःऐवजी मला पाठवायचं ठरवलं. लक्ष ठेवायला. दाजींवर ठेवायचं की पैशांवर, हे तिने स्पष्ट केलं नाही.

जायच्या आधी आठ दिवस दुकानात रोज संध्याकाळी चलन परिषद भरत होती. एक म्हणाला, डॉलर न्या, डॉलर देवालाही चालतो. दुसरा म्हणाला, डॉलर नेला की दोनदा बट्टा, रुपयाचा डॉलर करताना एकदा आणि डॉलरचे बाट करताना पुन्हा. बाटच इथून न्या. तिसरा मागच्या साली जाऊन आला होता. तो म्हणाला, डॉलर न्यायचाच तर शंभराच्या कोऱ्या नोटा न्या; तिकडं शंभराच्या नोटेला जो भाव मिळतो तो पाच-दहाच्या चिल्लरीला मिळत नाही आणि दुमडलेली नोट तर काउंटरवरची बाई दुरूनच परत करते. चौथा म्हणाला, आपले पाचशेच न्या, बँकॉकच्या काउंटरवर तेही घेतात. हे खरं आहे. फक्त रिझर्व्ह बँकेच्या नियमाने माणशी पंचवीस हजारांच्या वर भारतीय नोटा बाहेर नेता येत नाहीत, हे त्याला कुणी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मोजतंय कोण?” मोंढ्यात या प्रश्नाला आजवर कुणी उत्तर दिलेलं नाही.

मग दाजी बँकेत गेले. काउंटरवरच्या पोराने ‘थायलंडचे पैसे’ हे शब्द ऐकून आधी आत जाऊन मोठ्या साहेबांना आणलं. साहेबांनी पॅन मागितलं, पासपोर्ट मागितला, तिकीट मागितलं, एक फॉर्म दिला आणि म्हणाले, “मागवावे लागतील. चार-पाच दिवस.” दाजींनी पिशवीतून नोटांची बंडलं काढून टेबलावर ठेवली. साहेब मागं सरकले. पन्नास हजार किंवा त्याच्या वरचं परकीय चलन रोखीने देता येत नाही, खात्यातून घ्यावं लागतं, आणि नोटा घ्यायच्या तर एका फेरीला तीन हजार डॉलरच्या आतच, असं त्यांनी समजावलं. दाजींना तीन हजार डॉलर लागणारच नव्हते. त्यांना लागलं ते वेगळं. “रोख घेत नाहीत?” ते बाहेर आल्यावर म्हणाले. “आख्ख्या मोंढ्यात उधारीवाले लोक रोखीसाठी पाया पडायलेत आणि हे रोख नको म्हणतेत.”

खरी गंमत अशी की नांदेडात परकीय चलनाची टंचाई असायचं काही कारण नाही. हजूर साहिब गुरुद्वाऱ्याला दर्शनाला कॅनडाहून, इंग्लंडहून माणसं येतात. पौंड आणि कॅनडाचे डॉलर आमच्या गावाने पुण्याच्या पेठांपेक्षा जास्त पाहिले असतील. गुरुद्वाऱ्याजवळच्या रिक्षावाल्याला पौंडाचा आजचा भाव विचारा, तो थांबा न घेता सांगेल. फक्त हा पैसा इकडं येणारा आहे. इकडून जाणाऱ्या पैशाची गावाला अजून सवय नाही.

शेवटी साहेबांच्याच आग्रहाने दाजींनी फॉरेक्स कार्ड घेतलं. त्यात आधी पैसे भरायचे, भरतानाच भाव पक्का होतो, मग तिकडं खर्च करायचे. योजना चांगली आहे. पण कार्डाला पिन असतो. दाजींनी पिन म्हणून बुलेटचा नंबर ठेवला. बुलेटचा नंबर सहलीतल्या सगळ्या डीलरांना पाठ होता, कारण ती मोंढ्यातच उभी असते. शिवाय विसरू नये म्हणून तो त्यांनी पाकिटात चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी कार्डालाच गुंडाळली. थोडे बाट आणि थोडे डॉलर बनियनच्या आतल्या खिशात. या खिशाची शिलाई ताईने स्वतः केलेली असल्यामुळे त्यातून पैसे काढायचे तर हॉटेलच्या खोलीत जाऊन कपडे उतरवावे लागत. सुरक्षिततेच्या दृष्टीने याहून चांगली व्यवस्था कुठल्याही बँकेला जमलेली नाही.

क्रेडिट कार्ड त्यांच्याकडे होतं, पण ते त्यांनी मनातून कधीच बाद केलं होतं. मागच्या वेळी कुणाचं तरी बिल त्यांनी पाहिलं होतं. खर्च एवढा, त्यावर परकीय चलनाचा आकार साडेतीन टक्के, त्या आकारावर पुन्हा अठरा टक्के जीएसटी. शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या पट्टीवर जशी अडत, हमाली, तोलाई एकाखाली एक उतरत जाते आणि खाली उरलेला आकडा पाहून माणूस पट्टी उलटी करून मागं काही लिहिलंय का बघतो, तसंच हुबेहूब. दाजी म्हणाले, “अडत द्यायला माझी ना नाही. पण आडत्या समोर पाहिजे.”

मला वाटतं, सगळा मुद्दा या वाक्यात आहे. बट्टा कुणालाच चुकत नाही. हालीच्या काळात चुकला नाही, आताही चुकत नाही. रोख घ्या, कार्ड घ्या, विमानतळावर बदला नाहीतर शहरात बदला. प्रश्न एवढाच की तो कुणाला द्यायचा. आणि आमचा मराठवाडी माणूस दोन पैसे जास्त देईल, पण ज्याच्याशी भांडता येतं त्याला देईल. मशीन भांडत नाही. कार्ड नाकारलं गेलं की नुसतं ‘टीं’ करतं. त्या ‘टीं’ला काय उत्तर द्यायचं?

उलट जिथं मशीन फार गोड बोलतं तिथंही सावध राहायला पाहिजे, हे मात्र परिषदेत कुणी सांगितलं नव्हतं. बँकॉकच्या एका मॉलमध्ये सहलीतल्या एका तरुण डीलराने कार्ड लावलं. मशीनने विचारलं, पैसे बाटमध्ये कापू की रुपयांत? पडद्यावर रुपयाचा आकडा, शेजारी भारताचा छोटा झेंडा. पोराची छाती फुगली. परक्या मुलखात कुणी आपल्या रुपयाला विचारतंय! त्याने झेंड्यावर बोट ठेवलं. आता यातली मेख अशी की रुपयांत कापायचं म्हटलं की दर ठरवतो दुकानदाराकडचा मशीनवाला, आणि तो पाच-सात टक्के सहज आत घालून ठरवतो. बाटमध्ये कापलं असतं तर निदान आपल्या कार्डाच्या बाजारदराने गेलं असतं. देशभक्तीची रक्कम त्या दिवशी अंदाजे साडेचारशे रुपये झाली. रात्री हिशेब कळल्यावर पोरगा म्हणाला, “झेंडा कशाला दाखवायचा मग?” जगभर हीच पद्धत आहे आणि जगभर लोक आपापल्या झेंड्यावर बोट ठेवतात. नियम सोपा आहे: ज्या गावात उभे आहात त्या गावाच्या पैशात कापा. पण सोपा नियम आठवायला झेंडा नजरेआड असावा लागतो.

फोनचं दुःख वेगळं. नांदेडात लिंबू-मिरची विकणारी बाईसुद्धा क्यूआर पुढं करते, त्यामुळे जगात चौकोनी ठिपके दिसले की फोन काढायचा ही सवय आम्हाला लागलेली. थायलंडातही गाड्यागाड्यावर क्यूआर आहे. दिसायला अगदी आपल्यासारखा. पण तो त्यांच्या प्रॉम्प्टपेचा. आमच्या ग्रुपने कापलेल्या आंब्याच्या गाड्यासमोर एकेकाने फोन धरून पाहिला, मग कोन बदलून धरला, मग एकाने फोन पुसून धरला. आंबेवाली शांतपणे आंबे कापत राहिली. आपल्या यूपीआयला बाहेर कुणी विचारत नाही असं मात्र नाही. जुलै २०२१ मध्ये भूतानने सुरुवात केली, फेब्रुवारी २०२४ मध्ये श्रीलंका आणि मॉरिशस आले, त्याच महिन्यात पॅरिसच्या आयफेल टॉवरचं तिकीटही फोनवरून काढायची सोय झाली. म्हणजे मनोऱ्यावर चढायची व्यवस्था लागली. उतरल्यावर चहा कशाने घ्यायचा ते चढलेल्याने बघावं.

या सगळ्या शहाण्यांत मला जिचं कौतुक वाटतं ती आमची औशाची चुलत आजी. ती दोन वर्षांपूर्वी यात्रा कंपनीच्या बसने पशुपतिनाथला जाऊन आली. बसमध्ये आचारी, पोळपाट-लाटणं, ज्वारीचं पीठ, सगळं बरोबर. आजीने निघायच्या आधी पोस्टातल्या पैशातून फक्त शंभराच्या नोटा मागून घेतल्या. पोस्टातल्या पोराने पाचशेच्या पुढं केल्या तर तिने परत सरकवल्या. कारण नेपाळने २०१८ च्या डिसेंबरात आपल्या दोनशे, पाचशे, दोन हजारांच्या नोटांवर बंदी घातली, हे तिला यात्रेतल्या बायकांकडून कळलं होतं. आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ, हा भावही १९९३ पासून हललेला नाही. काठमांडूत रुद्राक्षवाल्याने तिला नेपाळी भाव सांगितला आणि भारतीय नोटा मागितल्या. म्हणजे भाव त्यांच्या रुपयात, वसुली आपल्या रुपयात. ही युक्ती तिथं जुनी आहे आणि तिला बरेच सुशिक्षित लोक फसतात. आजी म्हणाली, “बाबा, शंभराला एकशे साठ. मी साताला सहा बघितल्यालं हाय.” रुद्राक्षवाल्याला साताला सहा काय ते कळलं नाही, पण म्हातारी ऐकणारी नाही एवढं कळलं.

दाजींच्या ग्रुपमध्ये आजीच्या तोडीचे एकच होते, अप्पा. अहमदपूरकडचे, साठी ओलांडलेले, धोतर-टोपीवर बँकॉक पाहिलेले. अप्पांचा मूळ धंदा जनावरांचा; खताचं दुकान मुलाचं. माळेगावच्या यात्रेत त्यांनी इतके बैल घेतले-दिले की माणसाच्याही दातांकडे पाहायची त्यांना सवय लागलीय. बँकॉकच्या प्रातुनामच्या कपडेबाजारात त्यांना नातीसाठी फ्रॉक पाहिजे होता. बाईने कॅल्क्युलेटरवर ३५० दाबून पुढं केलं. आता सगळं जग तिथं कॅल्क्युलेटरवर घासाघीस करतं. ती दाबते, तुम्ही दाबता, ती हसते, तुम्ही निघून जायचं नाटक करता. अप्पांनी कॅल्क्युलेटर बाजूला सारला. खांद्यावरचा रुमाल काढला, बाईच्या हातावर टाकला आणि रुमालाखाली तिची बोटं धरली.

आमच्यात एकदम शांतता पसरली. ताईने मला पाठवलं होतं ते याच प्रसंगासाठी की काय, असं मला वाटलं. फक्त माणूस चुकला होता. बाईने आधी रुमालाकडे पाहिलं, मग अप्पांच्या तोंडाकडे. अप्पांच्या तोंडावर कसलाही भाव नव्हता. बैलबाजारात तो ठेवायचाच नसतो. आजूबाजूच्यांना भाव कळू नये म्हणून तर रुमाल. अप्पांनी तिची दोन बोटं दाबली. म्हणजे दोनशे. बाई खो खो हसायला लागली आणि शेजारच्या दुकानातल्या दोघींना हाका मारून बोलावलं. अप्पा रागावले. “चारचौघांत भाव फोडायला लागली,” ते म्हणाले. तरीही बोटं सोडली नाहीत. तिने गंमत म्हणून त्यांची तीन बोटं दाबली. अप्पांनी दोन आणि एक अर्धं. अर्धं बोट कसं दाबायचं हे त्या बाईला उमजायला दोन सेकंद लागली, आणि उमजल्यावर तिने अडीचशेला फ्रॉक दिला. वर एक हेअरबँड फुकट. अप्पांनी बनियनमधून नोटा काढल्या नाहीत. त्यांचा कसा धोतराच्या निऱ्यांत होता, तो खुल्या बाजारात सोडायचा म्हणजे सगळ्यांनी पाठ करून उभं राहायचं. आम्ही राहिलो. इतक्या साधनांतून, डॉलर, बाट, कार्ड, फोन, झेंडा, त्या सहलीतला सर्वांत कमी बट्टा लागलेला व्यवहार तो होता. बाईचं नुकसान झालं असेल असं समजायचं कारण नाही. ३५० चा भाव तिने आमचे चेहरे पाहूनच दाबला होता.

परत आल्यावर उरलेल्या पैशाचं काय, हा शेवटचा अंक. उरलेल्या परकीय नोटा १८० दिवसांच्या आत बदलून घ्याव्यात, दोन हजार डॉलरपर्यंत मात्र जवळ ठेवल्या तरी चालतात, असा नियम आहे. नाण्यांना तीही मर्यादा नाही, कितीही ठेवा, कारण ती कुणी परतच घेत नाही. दाजींकडे दहा बाटची मूठभर नाणी उरली. ती दुकानाच्या गल्ल्यात पडली. दहा बाटचं नाणं दोन धातूंचं, मधे पिवळं, कडेला पांढरं. आपल्या दहा रुपयांच्या नाण्याची कड पिवळी आणि पोट पांढरं, पण घाईत कोण बघतो.

परवा दुकानातल्या पोराने चहावाल्याला गल्ल्यातून चुकून तेच दिलं. चहावाल्याने नीट न बघताच ते टेबलावरून परत सरकवलं.

“दहाचं नाणं चालत नाही.”

“आरं, ते थायलंडचं आहे,” दाजी हसत म्हणाले आणि गल्ल्यातून अस्सल दहाचं नाणं शोधून त्याच्या हातावर ठेवलं. चहावाल्याने तेही त्याच वेगाने परत सरकवलं.

दाजींचं डोकं फिरलं. रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या जानेवारीतच सांगितलंय, दहाच्या नाण्याचे चौदा नमुने आहेत आणि चौदाही खरे आहेत, हे त्यांनी त्याला सविस्तर ऐकवलं. चहावाल्याने पूर्ण ऐकून घेतलं. ग्राहक बोलत असताना तो कधी मधे बोलत नाही.

“चालतंय की मालक,” तो म्हणाला. “पुण्यात चालतंय.”

“मग आम्ही काय करावं?”

“पुण्यात चहा प्या.”